रुबीतल्या निनावी क्लासला नाव देताना

समजा, इंदापूर तालुक्यातल्या बावड्याच्या एका दूध संकलन केंद्रावर तुम्ही रुबीत लिहिलेला प्रोग्रॅम चालतो. सकाळचं दूध आलंय, माप झालंय, फॅट आणि एसएनएफचे (फॅट सोडून उरणाऱ्या घन घटकांचे) आकडे मशीनवरून आत गेलेत. पावती निघायच्या ऐवजी स्क्रीनवर एररची ओळ येते. अमुक मेथड सापडली नाही, एवढं त्यात कळतं. ती कुठल्या ऑब्जेक्टवर सापडली नाही, हे सांगायच्या जागी मात्र ‘क्लास’ हा शब्द, पुढे शून्य-एक्स आणि त्यापुढे सोळा आकडे-अक्षरांची माळ. केंद्रचालक फोनवर ती माळ तुम्हाला वाचून दाखवतो. तुम्ही पुण्यात असा नाहीतर अकलूजला, त्या माळेवरून गाईचं दरपत्रक बिघडलंय की म्हशीचं, हे तुम्हाला सांगता येणार नाही. उद्या प्रोग्रॅम पुन्हा सुरू झाला की ती माळही बदललेली असेल. कालच्या लॉगशी आजचा लॉग जुळवून बघायचीही सोय नाही.

निनावी क्लासचं दुखणं ते हेच. रुबी ३.३ मध्ये, म्हणजे २५ डिसेंबर २०२३ रोजी आलेल्या आवृत्तीत, त्यावर एक छोटा पण नेमका उपाय आला. आपल्याकडच्या मुलामुलींना, विशेषतः बारामती-इंदापूरच्या कॉलेजांत शिकून गावात बसून काम करणाऱ्यांना, तो नीट माहीत असावा असं मला मनापासून वाटतं. आपण लिहिलेल्या प्रोग्रॅमचे लॉग बरेचदा आपल्याऐवजी दुसऱ्याच कुणाला तरी वाचावे लागतात.

आधी निनावी क्लास तयार कसा होतो ते पाहू. रुबीत नेहमीच्या पद्धतीने ‘क्लास’ हा कीवर्ड आणि पुढे मोठ्या रोमन अक्षराने सुरू होणारं नाव लिहिलं, की एकाच फटक्यात दोन गोष्टी होतात: क्लास तयार होतो आणि त्या नावाचा कॉन्स्टंट त्याच्याकडे बोट दाखवू लागतो. पण रुबीत क्लास हासुद्धा एक ऑब्जेक्टच आहे. त्यामुळे ‘क्लास डॉट न्यू’ म्हणूनही तो बनवता येतो, आणि ‘मॉड्यूल डॉट न्यू’ म्हणून मॉड्यूल. असा क्लास एखाद्या साध्या व्हेरिएबलमध्ये किंवा हॅशमध्ये ठेवला तर त्याला नाव मिळत नाही. त्याला ‘नेम’ विचारलं की उत्तर ‘निल’ येतं, आणि छापायला सांगितलं की ती पत्त्याची माळ. ‘स्ट्रक्ट डॉट न्यू’ आणि रुबी ३.२ पासून आलेलं ‘डेटा डॉट डिफाइन’ हेही कॉन्स्टंटमध्ये न ठेवता वापरले तर असेच निनावी क्लास देतात. हे अनेकांच्या लक्षातच येत नाही.

असे क्लास चालू प्रोग्रॅममध्ये बनवायची वेळ खरोखर येते का? येते, पण वाटते तितक्या वेळा नाही. दुधाचंच उदाहरण चालवू. गाईच्या दुधाचा दर साधारणपणे ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ या पायावर ठरतो, म्हशीचा ६.० आणि ९.० वर. पायाच्या वर गेलं की वाढ, खाली आलं की कपात. आता बावड्याला एक डेअरी, लाखेवाडीला दुसरी आणि सुरवडला तिसरी असेल, आणि फरक फक्त आकड्यांचा असेल, तर त्यासाठी वेगळे क्लास बनवू नका. एकच दरपत्रक क्लास पुरे, आकडे ऑब्जेक्टमध्ये भरा. पण एखादी डेअरी कपात टप्प्याटप्प्याने करते, दुसरी एका मर्यादेखाली दूधच घेत नाही, तिसरी बोनसचं गणित वेगळं लावते, आणि हे नियम फाइलमधून वाचून त्यांच्या मेथड तयार करायच्या असतील, तर मूळ दरपत्रकाच्या पोटात प्रत्येक पत्रकासाठी नवा क्लास बनवणं योग्य ठरतं. दुधाचा पगार बहुतेक ठिकाणी दहा दिवसांनी होतो. दरही त्याच फेऱ्याने बदलला, तर एका केंद्रावर वर्षाला छत्तीस पत्रकं होतात.

इथे नावाचा प्रश्न उभा राहतो. पूर्वीपासून चालत आलेला मार्ग म्हणजे ‘कॉन्स्ट_सेट’ वापरून प्रत्येक क्लास एका कॉन्स्टंटला बांधायचा. त्यासाठी केंद्र, तारीख आणि प्रकार यांची सांधेजोड करून रोमनमध्ये एक नाव घडवावं लागतं. नाव मिळतं, पण त्यासोबत दोन ओझी येतात. कॉन्स्टंटने धरलेला क्लास मेमरीतून जात नाही, कारण कुणीतरी त्याला धरून बसलेलं आहे. छत्तीस पत्रकं, गुणिले केंद्रं, गुणिले वर्षं, असं ते साचत जातं. आणि तेच पत्रक पुन्हा वाचलं की ‘कॉन्स्टंट आधीच भरलेला आहे’ अशी ताकीद छापली जाते, मग ती टाळायला आधीचा कॉन्स्टंट काढण्याची खटपट सुरू होते.

दुसरा जुना मार्ग म्हणजे त्या क्लासवर स्वतःची ‘नेम’ मेथड लिहायची आणि तिच्यातून हवी ती स्ट्रिंग परत द्यायची. हा मार्ग अर्धाच जातो. क्लास स्वतःला छापतो तेव्हा तुमच्या ‘नेम’ला विचारत नाही, तो आतल्या नोंदीतलं नाव घेतो. मग ‘इन्स्पेक्ट’ आणि ‘टू_एस’ही बदलायचे. तरी त्या क्लासच्या ऑब्जेक्टच्या छापील रूपात तीच माळ राहते. तीन मेथड लिहून हाती अर्धवट नाव. हा मार्ग मी तरी कुणाला सुचवणार नाही.

रुबी ३.३ ने दिलेली मेथड म्हणजे ‘सेट_टेम्पररी_नेम’. टाइप करताना अर्थातच छोट्या रोमन लिपीत, मध्ये दोन अंडरस्कोर. सॅम्युएल विल्यम्स यांनी क्लास आणि मॉड्यूलला थेट नाव बहाल करता यावं अशी मागणी रुबीच्या विकासकांपुढे ठेवली होती. चर्चेतून ती आकसली आणि ‘तात्पुरतं’ हा शब्द मेथडच्या नावातच बसवला गेला. माझ्या मते हा निर्णय फार शहाणपणाचा आहे, कारण वापरणाऱ्याला मेथडचं नाव वाचूनच तिची मर्यादा कळते.

वापर सोपा आहे. क्लास बनवा आणि त्यावर ही मेथड स्ट्रिंग देऊन बोलवा. ती तोच क्लास परत देते, त्यामुळे ‘क्लास डॉट न्यू’च्या पुढे लगेच जोडून एकाच ओळीत काम होतं. त्यानंतर ‘नेम’ विचारलं की तुमची स्ट्रिंग येते, क्लास छापला की तीच येते, आणि त्या क्लासचा ऑब्जेक्ट छापला तरी पत्त्याच्या आधी तीच दिसते. एररच्या ओळीतही ती पोचते. इथे एक योगायोग कामाचा आहे. याच ३.३ आवृत्तीत, मेथड न सापडल्याची एरर ऑब्जेक्टचं पूर्ण छापील रूप देण्याऐवजी ‘अमुक क्लासचा ऑब्जेक्ट’ एवढंच सांगू लागली. म्हणजे एरर समजायची भिस्त आता बरीचशी क्लासच्या नावावर आली आहे. नाव नसेल तर त्या ओळीत उरते फक्त माळ.

नियम तीन आहेत, आणि तिन्हींमागचं कारण समजलं तर पाठ करावे लागत नाहीत. स्ट्रिंग रिकामी चालत नाही. ज्या क्लासला कायमचं नाव मिळालेलं आहे, त्याला तात्पुरतं नाव देता येत नाही, रुबी एरर देते. आणि तात्पुरतं नाव कॉन्स्टंटसारखं दिसता कामा नये. मोठ्या रोमन अक्षराने सुरू होणारा एकटा शब्द किंवा दोन-दोन अपूर्णविरामांनी जोडलेली असल्या शब्दांची साखळी दिलीत, तर ‘आर्ग्युमेंटएरर’ येते, मग त्या नावाचा कॉन्स्टंट प्रत्यक्षात असो वा नसो. कारण उघड आहे. लॉगमध्ये कॉन्स्टंटसारखं नाव दिसलं की वाचणारा ते फाइलींत शोधायला जाईल आणि त्याला काहीच सापडणार नाही. म्हणून नावात कंस घाला, मोकळी जागा सोडा, नाहीतर सुरुवात छोट्या अक्षराने करा, म्हणजे रुबीची हरकत राहत नाही. मेथडला ‘निल’ दिलं की क्लास पुन्हा निनावी होतो.

आता मराठी लिहिणाऱ्यांसाठी एक खास सोय सांगतो, जी मला फार आवडते. रुबीत कॉन्स्टंटचं नाव मोठ्या अक्षराने सुरू व्हावं लागतं. देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नाहीतच. त्यामुळे रुबीत देवनागरी नावाचं व्हेरिएबल चालतं, मेथड चालते, पण देवनागरी अक्षराने सुरू होणारा कॉन्स्टंट होत नाही. ‘क्लास’ या कीवर्डपुढे ‘दरपत्रक’ असं देवनागरीत लिहिलंत तर रुबी ते नाकारते. एरवी जाचक वाटणारी ही गोष्ट इथे पथ्यावर पडते. देवनागरी अक्षराने सुरू होणारी स्ट्रिंग कॉन्स्टंटशी कधीच गोंधळली जाणार नाही, म्हणून तात्पुरतं नाव म्हणून ती बिनदिक्कत चालते. ‘गाय दरपत्रक, बावडा, ११ ते २० जून’ असं सरळ मराठीत लिहा. सकाळी फोन आला तर केंद्रचालक माळ वाचणार नाही, तो सांगेल, ‘अहो साहेब, बावड्याच्या गाईच्या दरपत्रकात काहीतरी सापडत नाही म्हणतंय.’ निम्मं काम फोनवरच झालं. लॉगची फाइल यूटीएफ-८ मध्ये लिहिली जाते एवढं मात्र पाहून घ्या, नाहीतर दरपत्रकाऐवजी प्रश्नचिन्हं उमटतील.

लेबलात काय लिहावं, याचा उत्तम धडा आपल्या शिवारातच आहे. बावड्याच्या आसपास उसाच्या जातीबद्दल विचारा, शेतकरी ८६०३२ म्हणेल. पूर्ण नाव को ८६०३२. ‘को’ म्हणजे कोइमतूर, जिथल्या ऊस पैदास संस्थेत ती जात निघाली. ८६ हे वर्ष, १९८६, आणि पुढचा ०३२ हा त्या वर्षीचा क्रम. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रातल्या चाचण्यांतून गेल्यावर हीच जात महाराष्ट्रात ‘नीरा’ या नावाने प्रसारित झाली. नीरा नदी बावड्याजवळूनच वाहते, तरी बांधावर ऐकू येतो तो आकडाच. कोएम ०२६५ या जातीला ‘फुले २६५’ म्हणतात, तिथेही आकडा सुटलेला नाही. तो टिकला, कारण तो नुसता क्रमांक नाही: कुठून आली, कधी आली, कितवी, हे तिन्ही त्यात आहे, आणि तीच तुमच्या क्लासच्या लेबलाची तीन अंगं. तो कशापासून बनला, म्हणजे कुठली फाइल किंवा कुठलं केंद्र. कधीचा आहे. आणि त्या जातीतला कितवा किंवा कुठला. ‘टेस्ट क्लास’ किंवा ‘नवा क्लास १’ असलं लेबल लावण्यापेक्षा माळ परवडली, निदान ती खोटा दिलासा देत नाही.

क्लासचं नाव कायम कधी होतं, हे आता पाहू, कारण चुका इथेच होतात. निनावी किंवा तात्पुरत्या नावाचा क्लास पहिल्यांदा एखाद्या कॉन्स्टंटला दिला, की त्या कॉन्स्टंटचं नाव त्याला कायमचं चिकटतं आणि तात्पुरतं नाव गळून पडतं. पुढे तोच क्लास दुसऱ्या कॉन्स्टंटला दिला तरी नाव पहिलंच राहतं. कॉन्स्टंट काढून टाकला तरीही राहतं. म्हणून कायमचं नाव घाईने देऊ नका. तात्पुरत्या नावाच्या क्लासमध्ये एखादं मॉड्यूल कॉन्स्टंट म्हणून ठेवलंत, तर त्याच्या नावाआधी बाहेरच्या क्लासचं लेबल लागतं. बाहेरच्याला कायमचं नाव मिळालं की आतल्यालाही आपोआप मिळतं. आणि तात्पुरत्या नावाच्या क्लासपासून ‘क्लास डॉट न्यू’ने नवा क्लास काढलात, तर तो पुन्हा कोरा निनावी असतो. लेबल वारशात येत नाही.

कायमचं की तात्पुरतं, हे ठरवायला एकच प्रश्न पुरतो: या क्लासला कुणी नावाने शोधणार आहे का? कायमचं नाव हा प्रोग्रॅमला क्लासपर्यंत नेणारा रस्ता आहे, तात्पुरतं नाव फक्त माणसाने वाचायचं. ‘मार्शल’ने ऑब्जेक्ट फाइलमध्ये साठवायचा असेल तर परत वाचताना रुबी क्लासला त्याच्या नावाने, कॉन्स्टंटच्या वाटेने शोधते. तिथे निनावी क्लास चालत नाही आणि तात्पुरतं नाव दिल्यानेही चालत नाही. मागाहून करायच्या कामांच्या रांगेत क्लासचं नाव लिहून ठेवायचं आणि नंतर त्यावरून तो उभा करायचा, हेही तसंच. असल्या ठिकाणी कॉन्स्टंटच हवा. रेल्समध्ये मॉडेलच्या असोसिएशनसाठी आपोआप तयार होणाऱ्या मेथडचं मॉड्यूल त्या मॉडेलच्या पोटात खासगी कॉन्स्टंट म्हणून ठेवलेलं असतं. एका मॉडेलला असं एकच, आणि ते मॉडेलइतकंच जगतं, म्हणून तिथे कॉन्स्टंट शोभतो. तुमच्या दहा दिवसांच्या दरपत्रकाला तो शोभत नाही.

रेल्सवरून आठवलं. निनावी क्लासमध्ये ‘ॲक्टिव्हमॉडेल’ मिसळून ‘मॉडेल_नेम’ विचारलंत तर ते सरळ तक्रार करतं की क्लासचं नाव रिकामं आहे. तात्पुरतं नाव दिल्यावर ही तक्रार थांबते, पण फॉर्मच्या की आणि भाषांतराच्या की त्याच लेबलवरून बनू लागतात. टेस्टमध्ये हे खपून जाईल. खऱ्या फॉर्मसाठी ‘मॉडेल_नेम’ स्वतः लिहून द्या.

टेस्ट हे तर या मेथडचं माहेरच. एका टेस्टपुरता क्लास हवा असतो आणि पुढच्या टेस्टला तो दिसू नये असं वाटत असतं. कॉन्स्टंट लिहिला तर तो मागे राहतो आणि टेस्टचा क्रम बदलला की विचित्र पडझड होते. तात्पुरत्या नावाचा क्लास व्हेरिएबलमध्ये ठेवा, टेस्ट संपली की तो जाईल, आणि टेस्ट पडली तर ओळीत नाव दिसेल. क्लास नावाने शोधला जायलाच हवा असेल तर आरस्पेकमध्ये ‘स्टब_कॉन्स्ट’ आहे, ते कॉन्स्टंट तेवढ्यापुरता लावून नंतर काढून घेतं.

दोन खड्डे दाखवून ठेवतो. पहिला ‘इनहेरिटेड’ या हुकचा. पुष्कळ प्रोग्रॅममध्ये मूळ क्लास आपल्या पोटक्लासांची यादी या हुकमधून ठेवतो, आणि यादीची की म्हणून क्लासचं नाव वापरतो. ‘क्लास डॉट न्यू’ने बनलेल्या क्लाससाठी हा हुक चालतो तेव्हा नाव ‘निल’ असतं, त्यामुळे सगळे निनावी क्लास एकाच कीवर एकमेकांना पुसत जातात. लेबल ‘क्लास डॉट न्यू’च्या ब्लॉकमध्ये पहिल्या ओळीत लावलंत तरी उशीर झालेला असतो, कारण हुक ब्लॉकच्या आधी चालतो. उपाय असा की यादीची की नाव नको, क्लास स्वतःच असू द्या. दुसरा खड्डा कॉन्स्टंटचा. ‘क्लास डॉट न्यू’च्या ब्लॉकमध्ये लिहिलेला कॉन्स्टंट त्या नव्या क्लासमध्ये जात नाही, तो ब्लॉक जिथे लिहिलाय त्या बाहेरच्या जागेत जातो. किमान फॅटची मर्यादा अशी लिहिलीत, तर गाईच्या पत्रकाची मर्यादा म्हशीच्या पत्रकाने पुसली जाईल आणि भलत्याच पावत्या निघतील. तिथे मेथड वापरा, नाहीतर ‘कॉन्स्ट_सेट’ त्या क्लासवरच बोलवा.

इतर भाषांतून येणाऱ्यांना हे सगळं थोडं नवं वाटेल. पायथनमध्ये ‘टाइप’ वापरून चालू प्रोग्रॅममध्ये क्लास बनवताना नाव पहिल्यांदाच द्यावं लागतं, त्यामुळे क्लास निनावी राहायचा प्रश्नच येत नाही. जावास्क्रिप्ट २०१५ च्या प्रमाणापासून, ज्या व्हेरिएबलमध्ये निनावी क्लास ठेवला त्याचं नाव त्याला देतं. जावाचा कंपायलर बाहेरच्या क्लासच्या नावापुढे डॉलरचं चिन्ह आणि क्रमांक लावून मोकळा होतो, आणि पीएचपी ‘क्लास’, ॲट-चिन्ह आणि ‘ॲनॉनिमस’ असं छापते. यांपैकी कुणीही ‘हे नाव फक्त वाचायचं आहे’ हा फरक रुबीइतका स्पष्ट करत नाही.

एक मर्यादा ठाऊक असू द्या. रुबी ३.४ पासून बॅकट्रेसच्या ओळींत मेथडच्या आधी क्लासचं नावही छापलं जातं, पण ते नाव कायमचं असेल तरच. तुमचं ‘गाय दरपत्रक, बावडा’ एररच्या मजकुरात दिसेल, खालच्या बॅकट्रेसमध्ये दिसणार नाही. तिथे फाइल आणि ओळीचा क्रमांक यांवरच शोध घ्यावा लागेल.

आणि सर्व्हरवर अजून ३.२ किंवा त्याआधीची रुबी असेल तर ही मेथड तिथे नाही. नव्या-जुन्या दोन्ही ठिकाणी चालणारा प्रोग्रॅम लिहायचा असेल, तर क्लास ‘रिस्पाँड_टू’ला होकार देतो का हे विचारून मगच ती बोलवा. क्लास बनवायची आणि लेबल लावायची ओळ एकाच छोट्या मेथडमध्ये ठेवा, म्हणजे ही चौकशी एकाच ठिकाणी राहील आणि सर्व्हर बदलला की तिथूनच काढता येईल.